डोळा, मेंदू आणि दिसणे

देवगडच्या खाडीतून एखादी मच्छीमार नौका बाहेर पडते, किल्ल्याच्या टोकाला वळसा घालते आणि खोल समुद्राची वाट धरते. धक्क्यावरून तिच्याकडे पाहणाऱ्या मुलांना ती प्रथम घराएवढी, मग टोपलीएवढी आणि शेवटी क्षितिजावर ठेवलेल्या तांदळाच्या दाण्याएवढी दिसते. तरी त्यांपैकी एकाही मुलास नौका आटत चालली आहे असे वाटत नाही. ‘नौका लहान झाली काय?’ असे चौथीच्या वर्गास विचारले, तर वर्ग हसतो. ‘लांब गेली, गुरुजी,’ असे उत्तर येते. हे उत्तर बरोबर आहे. पण ते डोळ्याने दिलेले नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उमटणारी नौकेची प्रतिमा अंतर दुप्पट होताच खरोखर निम्मी होते, चौपट होताच पाव होते. डोळ्याची साक्ष ‘लहान झाली’ अशीच आहे. ती साक्ष तपासून ‘लांब गेली’ असा निकाल देणारा दुसराच कोणी आहे, आणि तो म्हणजे मेंदू.

अध्यापन विद्यालयात मानसशास्त्राच्या तासाला ‘वेदन’ आणि ‘संवेदन’ हे दोन शब्द प्रत्येक शिक्षकाच्या कानांवरून गेलेले असतात. परीक्षा झाली की ते बहुधा मागे पडतात. वस्तूकडून आलेला प्रकाश डोळ्यात शिरून तेथील पेशींना चेतवितो, ते वेदन. त्या चेतनेचा अर्थ लागून ‘ही नौका’, ‘हा आंबा’, ‘ही आई’ असे ज्ञान होते, ते संवेदन. ह्या दोहोंमधील वाट शिक्षकाने समजून घ्यावी ती केवळ विज्ञानाच्या पाठासाठी नव्हे. फळ्यावरचे नीट न दिसणारे आणि त्यामुळे मठ्ठ ठरलेले मूल कोणत्याही शाळेत असू शकते. आणि अशा मुलाच्या बाबतीत, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, दिवस मोजावे लागतात.

डोळ्याच्या रचनेपासून आरंभ करावा. पाठासाठी बुटांचे एक रिकामे खोके, एक टाचणी आणि तेल लावलेला पातळ कागद एवढे साहित्य पुरते. खोक्याच्या एका अरुंद बाजूस टाचणीने छिद्र पाडावे, समोरच्या बाजूस चौकोन कापून तेथे तो कागद ताणून चिकटवावा. मुलाने डोक्यावरून व खोक्याच्या मागील भागावरून चादर घ्यावी आणि छिद्र उन्हात न्हालेल्या माडांकडे वळवावे. सूर्याकडे मात्र ते कदापि वळवू नये. कागदावर माडांचे चित्र उमटते. शेंडे खाली, बुंधे वर, आणि आकाश सर्वांच्या तळाशी. डोळ्यात असेच घडते. पुढचे पारदर्शक पारपटल आणि त्यामागील भिंग ही दोन्ही मिळून प्रकाश वाकवितात; वाकविण्याचे दोन-तृतीयांश काम एकट्या पारपटलाचे असते. मधली काळी बाहुली म्हणजे वस्तुतः एक भोक होय. उजेड वाढला की ते आकसते, घटला की रुंदावते. मागच्या बाजूस दृष्टिपटल असते आणि त्यावर जगाचे उलटे चित्र पडते. हे केप्लर ह्या ज्योतिर्विदाने १६०४ साली प्रथम नीट मांडले.

खोक्याचा प्रयोग झाला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : चित्र उलटे, मग आम्हांला सुलटे कसे दिसते? हा प्रश्न आला नाही तर पाठ साधला नाही असे खुशाल समजावे. ‘मेंदू ते चित्र पुन्हा फिरवून सुलटे करतो’ असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ते सोयीचे आहे, पण चुकीचे आहे. मेंदूत दुसरा डोळा नाही आणि तेथे बसून चित्र पाहणारा माणूसही नाही. दृष्टिपटलाच्या खालच्या भागातील पेशी चेतल्या म्हणजे वस्तू वरच्या बाजूस आहे, तिच्यासाठी हात वर न्यावयाचा, असा संबंध मेंदूत जुळलेला असतो, इतकेच. अमेरिकेतील जॉर्ज स्ट्रॅटन ह्या मानसशास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या दशकात जग उलटे दाखविणारी भिंगे एका डोळ्यावर बसवून आणि दुसरा डोळा झाकून आठ दिवस काढले. प्रथम त्याचा हात भलत्याच दिशेस जाई. दिवस गेले तसतसे चालणे, हात धुणे, वस्तू उचलणे त्यास साधू लागले, आणि भिंगे काढल्यावर काही काळ हेच आपले नेहमीचे जग त्यास चमत्कारिक वाटले. दिशांचा हा संबंध वापरातून घडतो आणि वापरातूनच बदलतो, हा त्या प्रयोगाचा इत्यर्थ होय.

दृष्टिपटल हा नुसता पडदाही नव्हे. गर्भावस्थेत तो मेंदूच्याच ऊतीतून वाढून पुढे आलेला असतो. तेव्हा तो मेंदूचा चौकीवर बसविलेला भाग आहे असे म्हटले तरी चालेल. त्यात प्रकाशास संवेदनशील अशा दोन जातींच्या पेशी असतात. शलाका सुमारे १२ कोटी. त्या अंधुक उजेडात काम देतात, पण त्यांस रंग कळत नाहीत. शंकू सुमारे ६० लाख. ते भरपूर उजेडात काम करतात आणि रंगाचे ज्ञान त्यांच्यामुळे होते. इतक्या पेशींची वार्ता मेंदूकडे नेणाऱ्या दृष्टितंतूत मात्र जेमतेम १० ते १२ लाख धागे असतात. म्हणजे बारा कोटींहून अधिक बातमीदारांच्या बातम्या दहा-बारा लाख तारांवरून जावयाच्या. तेव्हा चौकीवरच निवड होते. जेथे काही बदलत नाही तेथील बातमी गाळली जाते. जेथे उजेड-अंधाराची कड आहे, जेथे काही हलते आहे, तेथील बातमी पुढे धाडली जाते. पांढऱ्या खडूच्या बारीक रेघांनी काढलेले चित्र मुलास गाय म्हणून लगेच ओळखता येते, ते ह्याच कारणाने. गाईभोवती खरोखर रेघ नसते. पण डोळा मेंदूस जे कळवितो ते बहुतांशी कडांचेच वर्तमान असते.

हा दृष्टितंतू ज्या ठिकाणी दृष्टिपटलातून बाहेर पडतो, तेथे एकही शलाका वा शंकू नसतो. त्या जागेस अंधबिंदू म्हणतात. १६६० च्या सुमारास फ्रान्समधील मारियॉत याने तो दाखवून दिला. हा प्रयोग पाटीवर करता येतो आणि मुलांस तो जादूसारखा वाटतो. पाटीवर डावीकडे एक फुली व उजवीकडे चार बोटे अंतरावर एक ठळक टिंब काढावे. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडेच टक लावावी आणि पाटी हात लांब करून हळूहळू जवळ आणावी. साधारण वीतभराहून किंचित अधिक अंतरावर टिंब नाहीसे होते. पाटी आणखी जवळ आणली की परत येते. येथे मुलांस एक गोष्ट अवश्य विचारावी : टिंबाच्या जागी काय दिसले? भोक दिसले काय? भोक दिसत नाही. पाटीचा काळा रंग सलग पसरलेला दिसतो. टिंबातून आडवी रेघ ओढून प्रयोग पुन्हा केला तर रेघही अखंड दिसते. त्या जागेची कोणतीही बातमी डोळ्याकडून येत नसता मेंदू शेजारच्या मजकुरावरून ती जागा भरून काढतो आणि भरून काढल्याचा सुगावाही लागू देत नाही. माणूस जन्मभर दोन भोके घेऊन वावरतो आणि एखाद्याने पाटी हाती दिल्याशिवाय त्यास ती ठाऊक होत नाहीत.

ह्याहून विलक्षण गोष्ट अशी की, कोणत्याही क्षणी स्पष्ट दिसणारा भाग फारच थोडा असतो : हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा. शंकूंची दाटी दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या लहानशा खळग्यातच असते. बाकीचे सारे अंधुक असते. हे खरे वाटत नसेल तर पुस्तकातील एका शब्दावर दृष्टी खिळवून दोन ओळी खालचा शब्द वाचण्याचा प्रयत्न करावा. तरीही सबंध किनारा, सबंध वर्ग एकदम स्वच्छ दिसतो असे वाटते. कारण डोळा सेकंदास सुमारे तीन वेळा उडी मारून ते नख इकडून तिकडे फिरवितो आणि मेंदू ते तुकडे सांधतो. उडी चालू असताना दिसणे जवळजवळ बंद असते. आरशासमोर उभे राहून आपल्याच एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे पाहावे. स्वतःचा डोळा हललेला कधीही दिसत नाही. शेजारी उभ्या असलेल्यास मात्र तो स्पष्ट दिसतो. नवशिका वाचक बोट ठेवून वाचतो त्याचे कारणही येथेच आहे. त्याच्या डोळ्यास उडी कोठे संपवावी हे अजून कळलेले नसते. त्याचे बोट उचलून घेण्याची घाई करू नये.

आता मेंदूकडे जाणारी वाट. दोन्ही डोळ्यांचे दृष्टितंतू कवटीच्या तळाशी एकत्र येतात आणि तेथे निम्मे धागे बाजू बदलतात. त्यामुळे समोरील दृश्याचा डावा भाग, मग तो कोणत्याही डोळ्यात पडलेला असो, मेंदूच्या उजव्या अर्ध्यात जातो आणि उजवा भाग डाव्या अर्ध्यात. वाटेत मेंदूच्या गाभ्यात एक ठाणे लागते. तेथून पुढे हे धागे डोक्याच्या अगदी मागल्या भागात, टोपीची मागची कड जेथे टेकते त्याच्या जवळपास, पोहोचतात. डोळे पुढे आणि पाहण्याचे पहिले स्थान मागे, ही रचना ऐकून मुले स्वतःचे डोके चाचपू लागतात. हे स्थान निश्चित होण्याची हकीकत दुःखद आहे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात बंदुकीच्या गोळ्या डोक्यातून आरपार जाऊनही जगलेल्या जपानी शिपायांची तपासणी तात्सुजी इनोऊये ह्या नेत्रवैद्याने केली. निवृत्तिवेतनासाठी त्यांच्या दृष्टीची हानी मोजावयाची होती. गोळी मागच्या मेंदूत कोठून गेली आणि दृश्याचा कोणता तुकडा गेला, यांचा मेळ त्याने घातला, आणि दृश्याचा नकाशाच मेंदूवर अंथरलेला आहे हे १९०९ मध्ये प्रसिद्ध केले. ह्या नकाशात मध्यभागाच्या त्या नखाएवढ्या तुकड्यास फार मोठी जागा मिळालेली असते.

ह्या पहिल्या स्थानापासून पुढे काम वाटून घेतले जाते. काही भाग रंगाकडे पाहतात, काही आकाराकडे, काही गतीकडे, काही चेहऱ्यांकडे. जर्मनीतील म्युनिक येथे तपासलेल्या एका स्त्रीची हकीकत १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. मेंदूच्या आजारात तिचे गतीचे ज्ञान तेवढे गेले होते. रंग, आकार, माणसे तिला दिसत. पण कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी भासे, आणि कप कधी भरला ते तिला कळत नसे. रस्ता ओलांडणे तिला अशक्य झाले, कारण लांब असलेली मोटार पुढच्या क्षणी एकदम जवळ येऊन उभी असे. ‘दिसते’ ह्या एका क्रियापदात किती कामे दडलेली आहेत, हे अशा हकीकतींवरून कळते.

मात्र ही वाट एकेरी आहे असे समजणे चूक ठरेल. मेंदूच्या गाभ्यातील त्या ठाण्यावर डोळ्यांकडून जितके धागे येतात, त्याहून अधिक धागे मेंदूच्या पृष्ठभागाकडून परत खाली येतात. म्हणजे मेंदू बातमीची वाट पाहत नुसता बसत नाही. काय दिसणार याचा अंदाज तो आधीच खाली कळवीत असतो. हेल्महोल्ट्स ह्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दिसण्यास ‘अजाणता केलेले अनुमान’ असे म्हटले होते. आपल्याकडे दोरीवर सर्प भासण्याचा दृष्टान्त वेदान्तात शतकानुशतके चालत आला आहे. त्याचा हेतू निराळा, परंतु निरीक्षण अचूक आहे. तिन्हीसांजेस आंब्याच्या बागेतून घरी जाणाऱ्यास वाटेवरची सुंभाची दोरी साप दिसते, साप दोरी दिसत नाही. कारण भीती असलेल्या बाजूने अंदाज बांधणे मेंदूस परवडते. उलट, डोळ्यातून किरण निघून वस्तूस स्पर्श करतो, ही न्यायदर्शनातील आणि ग्रीकांतीलही कल्पना टिकली नाही. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे अरब विद्वान इब्न अल-हैथम याने अकराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले. भाषेत मात्र जुनी कल्पना अजून नांदते. आपण ‘नजर टाकतो’, ‘दृष्टी फिरवितो’, आणि बाळाची ‘दृष्ट काढतो’. मुलांच्या लेखी उत्तरांत ‘डोळ्यांतून प्रकाश निघतो’ असे वाक्य आढळते, त्याचे मूळ येथे असावे. रागावण्यापेक्षा अंधाऱ्या खोलीचा दाखला देऊन चर्चा करावी हे बरे.

अनुमान चुकते त्याचे एक सुंदर उदाहरण देवगडच्या आकाशात दर महिन्यास घडते. पौर्णिमेस सायंकाळी सड्यामागून वर येणारा आणि पहाटे समुद्रात मावळणारा चंद्र केवढा मोठा दिसतो! मध्यरात्री डोक्यावर आलेला तोच चंद्र लहान वाटतो. मुलांस तुरीचा एक दाणा द्यावा आणि हात पूर्ण लांब करून, एक डोळा झाकून, चंद्र त्या दाण्याआड लपवावयास सांगावे. क्षितिजावरचा ‘मोठा’ चंद्रही दाण्याआड लपतो आणि माथ्यावरचा ‘लहान’ चंद्रही. मोजमाप एकच, वस्तुतः क्षितिजावरचा चंद्र किंचित लांब असल्याने केसभर लहानच असतो. क्षितिजाजवळ झाडे, घरे, गलबते यांच्यामुळे अंतराची जाणीव बदलते आणि मेंदूचा हिशेब फसतो, असे सामान्यतः मानतात. पण नेमके कारण कोणते यावर शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही, आणि मुलांस तसेच सांगावे. पुस्तकातील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर छापून तयार असते, ही त्यांची समजूत एकदा तरी हलली पाहिजे.

अनुमान शिकविल्याने सुधारते, हेही ह्याच भूमीत पाहावयास मिळते. हापूस झाडावरून हिरवाच उतरवितात. तो अढीत पिकतो. हाती झेला घेतलेल्या नवख्या गड्यास फांदीवर सारी फळे सारखीच हिरवी दिसतात. जाणता बागायतदार खालून पाहून ‘हा तयार, तो कोवळा’ असे सांगतो. देठाजवळचे खांदे भरून वर आले आहेत काय, देठाशी खळगा पडला आहे काय, एवढ्यावर त्याची दृष्टी जाते. दोघांच्या दृष्टिपटलावर पडणारा प्रकाश एकच. फरक आहे तो वीस हंगामांच्या अभ्यासाने मेंदूत झालेल्या जुळणीचा. मुळाक्षरांचेही असेच आहे. ‘घ’ आणि ‘ध’ यांतील भेद शिक्षकास ढळढळीत दिसतो, म्हणून पहिलीतील मुलासही तो दिसलाच पाहिजे, असे गृहीत धरता येत नाही. त्याच्या डोळ्यात दोन्ही अक्षरे पोहोचलेली असतात. मेंदूत ती अजून वेगळी झालेली नसतात.

अंधाराशी डोळा कसा जुळवून घेतो हे सांगताना तालुक्यातीलच विजयदुर्गाचा दाखला घ्यावा. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी सर नॉर्मन लॉकियर हे इंग्रज ज्योतिर्विद तेथे आले होते. ‘मेल्पोमेनी’ ह्या आरमारी जहाजावरील लोक त्यांच्या मदतीस होते. पुण्याच्या वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी त्याच ग्रहणाचे वेध सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. किल्ल्यातील चौथऱ्यांस ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. हेलियमचा शोध १८६८ मध्ये ह्याच कट्ट्यांवरून लॉकियर यांनी लावला, असे पुष्कळदा सांगितले जाते आणि दरवर्षी १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिन साजराही होतो. अभिमान समजण्यासारखा आहे. परंतु शिक्षकाने मुलांस खरे तेच सांगितले पाहिजे. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन याने गुंटूर येथून पाहिले; लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते आणि सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट त्यांनी ऑक्टोबरात तिकडूनच तपासला. विजयदुर्गाचा मान १८९८ चा आहे आणि तोही लहान नाही.

खग्रास स्थिती तेथे सुमारे दोन मिनिटेच टिकावयाची होती. डोळा उजेडातून अंधारात गेला की शलाकांतील रंगद्रव्य पूर्ववत होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून सूर्याभोवतालचे फिकट प्रभामंडल पाहू इच्छिणारे निरीक्षक त्या काळी खग्रासापूर्वी काही वेळ डोळे झाकून ठेवीत. रात्री समुद्रावर जाणारा मच्छीमार दिव्याकडे पाहणे टाळतो, तेही ह्याचसाठी. शलाकांतील हे द्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनते. ते कमी पडले की तिन्हीसांजेनंतर मूल ठेचकाळू लागते, अंगणातील वस्तू त्यास सापडत नाहीत. हा रातांधळेपणा होय, आणि तो न ओळखल्यास पुढे पारपटलच नासू शकते. पाच वर्षांपर्यंतच्या बालकांना ह्या जीवनसत्त्वाचे डोस शासनाकडून दिले जातात. शेवग्याचा पाला, तांबडा भोपळा, पिकलेला आंबा ही तर दारचीच औषधे. ग्रहणाबाबत आणखी एक इशारा आवश्यक आहे. दृष्टिपटलास वेदनेचे तंतू नसतात. सूर्याकडे उघड्या डोळ्याने पाहणाऱ्या मुलाचे दृष्टिपटल भाजत असते आणि त्यास दुखत मात्र काहीच नाही. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी कोकणात मोठे खंडग्रास ग्रहण दिसले तेव्हा हीच भीती होती. काजळी धरलेली काच, क्षकिरणाची फिल्म, पाण्याची परात ही साधने सुरक्षित नाहीत. खोक्याच्या छिद्रातून कागदावर पडलेली सूर्याची प्रतिमा, सूर्याकडे पाठ करून पाहावी.

आता मूळ मुद्द्याकडे. जन्मापासून आंधळ्या आणि स्पर्शाने गोल व घन ओळखणाऱ्या माणसास एकाएकी दृष्टी आली, तर तो त्या वस्तू नुसत्या पाहून ओळखील काय, असा प्रश्न मॉलिन्यू ह्या आयरिश विद्वानाने १६८८ मध्ये तत्त्वज्ञ लॉक यास पत्राने विचारला होता. सव्वातीनशे वर्षे त्यावर वाद चालला. उत्तर भारतातून आले. पवन सिन्हा ह्या शास्त्रज्ञाने चालविलेल्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ ह्या उपक्रमात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया होतात. ८ ते १७ वर्षे वयाच्या अशा पाच मुलांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. पट्टी निघाल्यावर दोन वस्तू पाहून त्यांतला भेद त्यांस करता येई. पण हाताने चाचपलेली वस्तू डोळ्याने ओळखणे त्यांस साधेना, बहुतेक अंदाजच चाले. काही दिवसांतच मात्र ते त्यांस जमू लागले. डोळा उघडला म्हणजे दिसले असे नव्हे. पाहणे शिकावे लागते.

हे शिकण्यास मुदत असते, हा ह्या विषयातील सर्वांत गंभीर भाग. ह्यूबेल आणि वीझेल ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात मांजरीच्या पिलांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. नंतर तो उघडला तेव्हा डोळा निर्दोष होता, तरी त्याने पिलास जवळजवळ दिसत नव्हते. मेंदूतील त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने घेऊन टाकली होती. पूर्ण वाढलेल्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला, तर काहीच बिघडत नसे. १९८१ चे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. माणसाच्या मुलातही असेच घडते. एक डोळा तिरळा असला, किंवा एकाचा चष्म्याचा नंबर दुसऱ्याहून फार निराळा असला, तर मेंदू अंधुक किंवा दुहेरी चित्र टाळण्यासाठी त्या डोळ्याची बातमी घेणे सोडून देतो. यास आळशी डोळा म्हणतात. शंभर मुलांत एक ते तीन मुलांस तो असतो. नाव अन्यायाचे आहे, कारण डोळा आळशी नसतो, मेंदूने त्याची ओळख सोडलेली असते. चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज काही तास झाकून ही ओळख पुन्हा पटविता येते. पण सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत ते जितके चांगले साधते तितके पुढे साधत नाही. वय वाढले म्हणून प्रयत्नच सोडावा असे मात्र नाही. तिरळेपणा भाग्याचा समजून त्याकडे कानाडोळा करणारी कुटुंबे अजून आढळतात. त्या समजुतीची किंमत मुलाचा एक डोळा ही असते, हे पालकांस स्पष्ट शब्दांत सांगावे.

अशी मुले तक्रार करीत नाहीत. ज्यास कधी स्पष्ट दिसलेलेच नाही त्यास आपले दिसणे अधू आहे हे कशावरून कळावे? ‘गुरुजी, फळ्यार लिवलेला माका दिसणा नाय,’ असे एखादा धीट मुलगा म्हणतो; बाकीचे शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरून घेतात आणि नक्कल केली म्हणून बोलणी खातात. तेव्हा शिक्षकानेच पाहिले पाहिजे. डोळे बारीक करून पाहणारे, मान तिरपी धरणारे, पुस्तक नाकाशी नेणारे, चेंडू झेलताना वारंवार चुकणारे, फळ्याजवळ बसविल्यावर एकाएकी हुशार होणारे मूल नजरेत ठेवावे. लाल-हिरव्या रंगाच्या खडूंत घोटाळा करणारा मुलगाही ह्यातच येतो. हा दोष मुलांत मुलींपेक्षा पुष्कळच अधिक आढळतो आणि त्यास उपाय नाही. परंतु नकाशातील रंगांऐवजी नावांवर आणि खुणांवर त्यास शिकविले की त्याचे काहीही अडत नाही.

दृष्टीची तपासणी शाळेत अर्ध्या दिवसात होते. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईने तीन दात्यांच्या फणीसारखा आकार काढावा. त्याची उंची व रुंदी १३ मिलिमीटर, आणि दात्यांची व मधल्या फटींची जाडी त्याच्या एक-पंचमांश असावी. मुलास भरपूर उजेडात ६ मीटर अंतरावर उभे करून पुठ्ठा चारही दिशांस फिरवावा आणि दाते कोणीकडे आहेत ते मुलाने हाताने दाखवावे. अक्षरओळख नसलेले मूलही हे करू शकते. एकेक डोळा स्वतंत्र तपासणे हे ह्यातील मर्म होय. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेल्या तपासणीत आळशी डोळा कधीच सापडत नाही. डोळा तळहाताने झाकावा, दाबू नये, आणि बोटांच्या फटीतून मूल पाहत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. चांगला डोळा झाकताच मूल अस्वस्थ होऊन हात बाजूस सारू लागले, तर ती खूण उत्तराहूनही बोलकी समजावी. वारंवार चुकणाऱ्या मुलाचे नाव लिहून ठेवून त्यास प्राथमिक आरोग्य केंद्राकडे वा ग्रामीण रुग्णालयाकडे नेत्रतपासणीसाठी पाठवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून आरोग्य पथके शाळांत येतात, त्यांच्यापुढेही ही यादी ठेवावी. पण पथक येईपर्यंत पहिली-दुसरीतील मुलाचे नाव थांबवून ठेवू नये.

चष्मा आल्यावरही काम उरते. वर्गात ‘चष्मिस’ म्हणून हाका सुरू झाल्या की मूल चष्मा दप्तरात लपविते, आणि झाकण्याची पट्टी तर वाटेतच काढून टाकते. पट्टी कशासाठी आहे हे साऱ्या वर्गास पाटीवरील टिंबाच्या प्रयोगाबरोबरच समजावून द्यावे. पट्टी लावलेल्या मुलास आरंभी नेहमीपेक्षा कमी दिसते, ते चुका अधिक करते आणि लवकर थकते; तेवढे आठवडे त्यास पुढच्या रांगेत बसवावे, फळ्यावर अक्षर मोठे काढावे व लिहिताना ते मोठ्याने उच्चारावे, आणि शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत.